सन्मानासाठी संत व्हावे लागते काय?

आपल्या बोलण्यात एक वाक्य वारंवार येते : 'माणूस गरीब आहे, पण प्रामाणिक आहे.' बोलणाऱ्याचा हेतू स्तुतीचाच असतो. तरीही त्या वाक्यातील 'पण' हा शब्द जरा बारकाईने न्याहाळला, तर त्यामागे एक न उच्चारलेला निवाडा दडलेला दिसतो. गरीब माणूस सहसा प्रामाणिक नसतो, हे त्यात गृहीत धरलेले असते. आणि हा माणूस प्रामाणिक निघाला म्हणूनच तो आदरास पात्र ठरला, हा त्याचा निष्कर्ष असतो. श्रीमंताविषयी बोलताना आपण अशी अट घालत नाही. त्याला आदर आधी मिळतो, चारित्र्याची चौकशी नंतर होते. पुष्कळदा होतही नाही.

मग प्रश्न असा उभा राहतो : ज्या माणसाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खाली ठेवले, त्याने सन्मान मागण्यापूर्वी आपला भलेपणा सिद्ध करून दाखवावा, ही अपेक्षा न्याय्य आहे काय? आणि ती न्याय्य नसेल, तर भलेपणाची फारशी पर्वा न करणाऱ्या, मुठीच्या आणि पिस्तुलाच्या बळावर ताठ मानेने वावरणाऱ्या नायकाला टाळ्या वाजवणे तरी योग्य आहे काय?

हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी अंगावर घेणारी एक कलाकृती अमेरिकेत १९७१ साली निर्माण झाली. ती नीतीचे धडे देण्यासाठी काढलेली नव्हती. 'शाफ्ट' हे तिचे नाव. न्यूयॉर्कमधील जॉन शाफ्ट नावाच्या एका कृष्णवर्णीय खासगी गुप्तहेराची ती मारामारीची, पाठलागाची, रंजक कथा. २००० साली अमेरिकेच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'ने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचा समावेश केला. त्यामुळे एकेकाळी केवळ गल्लाभरू मानलेला हा चित्रपट आता अभिजात म्हणून सार्वजनिकरीत्या दाखवला जातो. लोक एकत्र बसून तो पाहतात आणि आजही ठरावीक जागी टाळ्या पडतात. त्या टाळ्या नेमक्या कशाला पडतात, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

निष्कलंक नायक

'शाफ्ट'चे मोल कळण्यासाठी त्याच्या आधीचा पडदा आठवावा लागतो. हॉलिवूडने कित्येक वर्षे कृष्णवर्णीयांना नोकर, हमाल, आया किंवा विदूषक एवढ्याच भूमिका दिल्या. ही चौकट ज्याने आपल्या अभिनयाने मोडली, तो सिडनी पॉयटिये. 'लिलीज ऑफ द फील्ड' या १९६३ च्या चित्रपटात तो होमर स्मिथ नावाचा भटका कारागीर झाला आहे. ॲरिझोनाच्या ओसाड माळावर जर्मन बोलणाऱ्या काही धर्मभगिनींसाठी तो आपल्या हातांनी प्रार्थनामंदिर उभारतो. मजुरी मिळत नाही, तरी काम पुरे करतो आणि गाजावाजा न करता निघून जातो. कॅथलिक प्रेक्षकाच्या मनाला भिडावी अशीच ही कथा. या भूमिकेसाठी १९६४ साली पॉयटियेला सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. प्रमुख भूमिकेसाठी हा सन्मान मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अभिनेता ठरला.

पॉयटियेची थोरवी वादातीत आहे. पण त्याच्या वाट्याला आलेल्या भूमिका ओळीने मांडल्या की एक गोष्ट ध्यानात येते. हा नायक बुद्धिमान असतो, सभ्य असतो, क्षमाशील असतो. त्याचा राग आवरलेला असतो आणि त्याचा त्याग बहुधा गोऱ्यांच्या कामी येतो. 'गेस हू इज कमिंग टु डिनर' (१९६७) मध्ये तो गोऱ्या मुलीला मागणी घालतो, तेव्हा पटकथाकाराने त्याला नामांकित डॉक्टर केलेले आहे. त्याच्या कातडीचा रंग वगळता नाव ठेवायला जागाच उरू नये, अशी ही व्यवस्था. म्हणजे गोऱ्या तरुणाला जावई होण्यासाठी बरा माणूस असणे पुरेसे होते. काळ्या तरुणाला मात्र जवळजवळ संत असावे लागत होते. आपल्या त्या 'पण'चेच हे अमेरिकन रूप नव्हे काय?

ही गोष्ट खुद्द प्रेक्षकांनाही जाणवत होती. लेखक जेम्स बाल्डविन यांनी 'द डिफायंट वन्स' (१९५८) या चित्रपटाविषयी जे लिहिले आहे, ते सार्वजनिक प्रदर्शनाच्या संदर्भात फार बोलके आहे. या चित्रपटात एकाच साखळीने बांधलेले दोन कैदी, एक काळा आणि एक गोरा, पळ काढतात. अखेरीस काळा कैदी चालत्या मालगाडीत चढलेला असतो; पण गोरा मागे राहतो, म्हणून तो आपले स्वातंत्र्य सोडून खाली उडी घेतो. बाल्डविन सांगतात की, उदारमतवादी गोऱ्या प्रेक्षकांनी या त्यागाला टाळ्या दिल्या. हार्लेममधील कृष्णवर्णीय प्रेक्षक मात्र संतापले आणि त्याला वेड्यात काढत गाडीत परत चढायला ओरडून सांगू लागले.

हार्लेमच्या त्या प्रेक्षकांना मैत्रीचे मोल कळत नव्हते असे म्हणणे सोपे आहे. पण त्यांचा आक्षेप त्यागाला नव्हता. प्रत्येक वेळी त्याग करायची पाळी आपल्याच माणसावर का यावी, हा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप नैतिकच होता.

अट पाळूनही

यावर कोणी म्हणेल की, सद्गुणाची अपेक्षा ठेवली तर बिघडले काय? सद्गुण वाईट तर नाही! माणूस भला झाला की समाज आज ना उद्या त्याला मान देतोच.

इतिहास याला दुजोरा देत नाही. ऑगस्टस टॉल्टन यांचे उदाहरण घ्या. १८५४ साली मिसुरी राज्यात एका गुलाम कॅथलिक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात त्यांची आई लेकरांना घेऊन मिसिसिपी नदी ओलांडून इलिनॉय राज्यात पळून आली. या मुलाला धर्मगुरू व्हायचे होते. तो धार्मिक होता, कष्टाळू होता, अभ्यासू होता. पण अमेरिकेतील एकाही गुरुविद्यालयाने त्याला प्रवेश दिला नाही. अखेर तो रोमला गेला आणि १८८६ साली तेथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. १८९७ साली, वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी, शिकागोत सेवा करीत असतानाच फादर टॉल्टन वारले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली त्यांना 'पूजनीय' घोषित केले. म्हणजे आज ज्यांच्या संतपदाचा विचार ख्रिस्तसभा करीत आहे, त्यांनाच त्यांच्या मायदेशातील गुरुविद्यालयांनी दारातून परत पाठवले होते. भलेपणात ते कोठे कमी पडले होते?

डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी अहिंसेचे व्रत घेतले. त्यांच्या चळवळीने १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मतदान हक्क कायदा पदरात पाडून घेतला. तरीही ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांना गोळी घालण्यात आली. त्याच महिन्यात अमेरिकेतील कृष्णवर्णीय कॅथलिक धर्मगुरू डेट्रॉइट येथे जमले आणि आपल्याच देशातील कॅथलिक ख्रिस्तसभा ही मुख्यतः गोऱ्या वंशवादाने ग्रासलेली संस्था आहे, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. हे शब्द कटू होते. पण ते बाहेरच्यांनी केलेली टीका नव्हती, घरातल्या मुलांनी मांडलेले दुःख होते. अमेरिकन महागुरूंनी १९७९ साली आपल्या सामुदायिक पत्रात वंशवाद हे पाप आहे असे निःसंदिग्ध शब्दांत म्हटले, ते या दुःखाच्या पार्श्वभूमीवर.

तेव्हा 'आधी भला हो, मग मान मिळेल' ही अट प्रामाणिक नव्हतीच. ती पुरी केली तरी दार उघडत नव्हते. ज्या अटीने दार उघडत नाही, ती अट नसते. ते दाराला लावलेले आणखी एक कुलूप असते.

रस्त्यावरून चालणारा माणूस

या निराशेच्या वातावरणात 'शाफ्ट' आला. त्याची सुरुवातीची मिनिटे आठवावीत. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअर भागात, भुयारी रेल्वेच्या जिन्यावरून चामड्याचा लांब कोट घातलेला एक तरुण वर येतो आणि चालू लागतो. मागे आयझॅक हेज यांचे संगीत. गाड्या धावताहेत, तो त्यांच्या मधून वाट काढतो, अंगावर येणाऱ्या गाडीवाल्याला दटावतो, पुढे जातो. बस्स, एवढेच! या मिनिटांत गोळी सुटत नाही, कोणाला ठोसा बसत नाही. एक काळा माणूस आपल्या शहराच्या रस्त्यावरून, कोणाची परवानगी न मागता, मान खाली न घालता चालतो. पण ज्या देशाच्या दक्षिण भागात काळ्या माणसाने गोऱ्याला वाट सोडून बाजूला व्हावे असा रिवाज होता, तेथे हे चालणे हीच एक घटना होती. या चित्रपटाच्या शीर्षकगीतासाठी हेज यांना १९७२ साली ऑस्कर मिळाले. गीतासाठीचे ऑस्कर त्याआधी कोणाही कृष्णवर्णीयाला मिळालेले नव्हते.

नायकाचे काम करणारा रिचर्ड राउंडट्री हा तेव्हा नवखा नट होता. त्याला मिशी होती. निर्मितीशी संबंधित मंडळींना ती काढून टाकायला हवी होती. दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स यांनी ती राखायला लावली. मिशीची ही कथा क्षुल्लक वाटेल. पण दक्षिणेत साठ वर्षांच्या काळ्या गृहस्थालाही 'बॉय', म्हणजे 'पोरा', अशी हाक मारली जात असे, हे लक्षात घेतले की तिचा अर्थ उलगडतो. मिशी हे प्रौढत्वाचे चिन्ह आहे. आपल्याला हे निराळे समजावून सांगायला नको. वयाने थोर असलेल्या माणसाला केवळ त्याच्या जातीमुळे अरे-तुरे करण्याची रीत आपल्या गावांनीही पाहिली आहे; आणि दलित तरुणांनी मिशी ठेवली म्हणून त्यांना मारहाण झाल्याच्या बातम्या शेजारच्या गुजरातमधून २०१७ सालीही आल्या होत्या.

शाफ्ट हा पॉयटियेच्या नायकांसारखा निष्कलंक नाही. तो उर्मट आहे, स्त्रियांशी एकनिष्ठ नाही, हात उगारायला मागेपुढे पाहत नाही. तो ज्याचे काम घेतो, तो बंपी जोनास हार्लेममधील गुन्हेगारीचा म्होरक्या आहे. जोनासच्या मुलीला माफिया टोळीने पळवले आहे आणि तिला सोडवून आणायचे आहे. म्हणजे ज्याने दुसऱ्यांच्या मुलांची आयुष्ये नासवली, तो बाप आपल्या मुलीसाठी रडतो आहे. मदत करावी की नाही? मुलगी निरपराध आहे, म्हणून शाफ्ट निघतो. यात नीती आहे. पण ती स्वच्छ पांढऱ्या कपड्यांतली नीती नव्हे.

याच चित्रपटात एक लहानसा प्रसंग आहे. गोरा पोलीस अधिकारी काळी लेखणी शाफ्टच्या गालाजवळ धरतो आणि तू काही इतका काळा नाहीस, असे सुचवतो. शाफ्ट लगेच कॉफीचा पांढरा पेला त्याच्या चेहऱ्याजवळ नेतो आणि तूही काही इतका पांढरा नाहीस, असे उत्तर देतो. दोघांत वैर नाही, पूर्ण विश्वासही नाही. पण त्या क्षणी एक गोष्ट लख्ख दिसते. 'काळा' आणि 'गोरा' हे शब्द ज्या माणसांना चिकटवले आहेत, त्यांच्या कातडीवरही ते नीट बसत नाहीत. मग त्यांच्या आत्म्यावर कसे बसतील?

शस्त्राची निवड

या चित्रपटाचे दिग्दर्शक गॉर्डन पार्क्स यांचे चरित्र आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. १९१२ साली कॅन्सस राज्यातील फोर्ट स्कॉट येथे एका गरीब कुटुंबात पंधरा भावंडांतील शेंडेफळ म्हणून त्यांचा जन्म झाला. किशोरवयात आई गेली, घर सुटले, भूक आणि थंडी सोसावी लागली. पुढे रेल्वेत वाढप्याचे काम करताना एका नियतकालिकात दरिद्री स्थलांतरित मजुरांची छायाचित्रे त्यांनी पाहिली आणि गहाणवटीच्या दुकानातून एक जुना कॅमेरा विकत घेतला. 'लाइफ' या विख्यात साप्ताहिकाच्या छायाचित्रकारवर्गात नेमणूक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय. १९६६ साली त्यांनी आत्मकथन लिहिले, त्याच्या नावाचा अर्थ 'शस्त्रांची निवड' असा होतो. दारिद्र्य आणि वंशद्वेष यांच्याशी लढायला सुरी किंवा बंदूक हाती घेता आली असती. आपण कॅमेरा निवडला, असे त्यांचे सांगणे होते.

१९४२ साली त्यांनी वॉशिंग्टन येथे एक छायाचित्र घेतले. सरकारी कचेरीत झाडलोट करणारी एला वॉटसन ही कृष्णवर्णीय स्त्री हातात झाडू घेऊन उभी आहे. शेजारी लादी पुसण्याचे फडके लावलेला दांडा आणि पाठीमागे अमेरिकेचा भव्य राष्ट्रध्वज. पार्क्स तेवढ्यावर थांबले नाहीत. ते तिच्या घरी गेले, तिची मुलेबाळे, तिच्या खोलीतील लहानशी वेदी, तिचे प्रार्थनास्थळ, सारे त्यांनी चित्रित केले. त्या चेहऱ्यावर ना याचना आहे, ना त्वेष. ती नुसती आपल्याकडे पाहते, आणि पाहणाऱ्यालाच नजर खाली घ्यावीशी वाटते.

ज्या हातांनी एला वॉटसनचे छायाचित्र घेतले, त्याच हातांनी एकोणतीस वर्षांनंतर 'शाफ्ट' घडवला. कॅमेऱ्याला शस्त्र मानणाऱ्याने आपल्या नायकाच्या हाती पिस्तूल का द्यावे? यात विसंगती आहे, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. पार्क्स यांनी आपला हेतू कधी लपवला नाही : काळा माणूस जिंकतो आहे, हे पाहण्याचा आनंद शनिवारी रात्री चित्रगृहात येणाऱ्या सामान्य माणसाला मिळावा, असे त्यांना वाटत होते. ही इच्छा माणुसकीची आहे. सदैव हरणाऱ्याच्या मुलाला एकदा तरी जिंकणारा बाप पाहायचा असतो.

पण जिंकणे म्हणजे काय? येथे १९६७ चा 'इन द हीट ऑफ द नाइट' हा चित्रपट आठवतो. त्यात पॉयटियेने साकारलेल्या पोलीस अधिकाऱ्याला दक्षिणेतील एक गोरा मळेवाला थप्पड मारतो आणि तो तत्क्षणी उलट थप्पड मारतो. अमेरिकन पडद्यावर हे अपूर्व होते. दुसरा गाल पुढे करण्याची शिकवण मानणाऱ्या आपण या थपडेचे काय करायचे? प्रभू येशूला प्रमुख याजकासमोर एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा त्याने उलट हात उगारला नाही, हे खरे. पण तो मुकाटही राहिला नाही. माझे चुकले असेल तर दाखवून दे, नसेल तर का मारतोस, असे त्याने विचारले, हे योहानाच्या शुभवर्तमानात नमूद आहे. अन्यायासमोर मान तुकवणे आणि अन्याय करणाऱ्याला चिरडणे यांच्या मध्ये एक तिसरी जागा आहे : ताठ उभे राहून जाब विचारण्याची. एला वॉटसन त्या जागी उभी आहे. शाफ्टही पहिल्या मिनिटांत, रस्ता ओलांडताना, त्याच जागी आहे. पिस्तूल हाती आल्यावर तो तेथून ढळतो.

बाजाराने काय उचलले

'शाफ्ट' चालला, आणि फार जोरात चालला. मेट्रो-गोल्डविन-मेयर ही नामवंत कंपनी तेव्हा आर्थिक अडचणीत होती. थोड्या खर्चात काढलेल्या या चित्रपटाने तिला मोठा हात दिला. काळे प्रेक्षक तिकिटासाठी पैसे मोजतात, हे हॉलिवूडच्या ध्यानात आले. पाठोपाठ 'शाफ्ट'चे पुढचे भाग आले आणि त्याच धर्तीच्या चित्रपटांची लाट उसळली. १९७२ सालच्या 'सुपर फ्लाय'चा नायक तर कोकेन विकणारा होता. त्याचे दिग्दर्शक होते पार्क्स यांचेच पुत्र, गॉर्डन पार्क्स ज्युनियर.

बाजाराने 'शाफ्ट'मधून नेमके काय उचलले? ताठ मानेने चालणे उचलणे कठीण होते, कारण त्यासाठी माणूस घडवावा लागतो. पिस्तूल, कोट, मोटार आणि अर्धनग्न स्त्रिया उचलणे सोपे होते. १९७२ सालीच नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या कृष्णवर्णीय संघटनांनी या लाटेविरुद्ध आघाडी उघडली. आमच्या मुलांसमोर दलाल आणि मादक द्रव्यांचे व्यापारी नायक म्हणून ठेवू नका, हे त्यांचे म्हणणे होते. या चित्रपटांत काम मिळू लागलेल्या काळ्या नटांना आणि तंत्रज्ञांना मात्र हा विरोध पटेना. कित्येकांच्या घरची चूल प्रथमच या धंद्यावर पेटली होती. दोन्ही बाजूंना आपापले सत्य होते. फायद्याचा मोठा वाटा ज्यांच्या तिजोरीत गेला, ते स्टुडिओवाले बहुतांशी गोरेच होते आणि या वादात ते फारसे पोळले नाहीत.

योगायोग असा की, याच १९७२ सालच्या मे महिन्यात मुंबईत 'दलित पँथर'ची स्थापना झाली. तिचे नाव अमेरिकेतील 'ब्लॅक पँथर'वरून घेतलेले होते. महाराष्ट्राचा आणि अमेरिकन कृष्णवर्णीयांचा हा धागा नवा नव्हता. महात्मा फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता, आणि डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले होते. दलित पँथरच्या तरुणांची भाषा अनेकांना उग्र वाटली. पण ते जे सांगत होते त्याचा गाभा हाच होता : आम्हांला सहानुभूती नको, आमच्या चांगुलपणाचे प्रमाणपत्र नको, माणूस म्हणून जे आमचे आहे, ते आम्हांला हवे.

सन्मान आणि सदाचार

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सन्मानासाठी संत व्हावे लागते काय?

आपली श्रद्धा याचे उत्तर बायबलच्या पहिल्याच अध्यायात देते. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात निर्माण केले. त्यात 'सदाचारी मनुष्याला' असे म्हटलेले नाही. ही प्रतिमा पराक्रमानंतर छातीवर लावलेले पदक नव्हे. ती जन्माबरोबर आलेली आहे. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप धावत जातो, तो मुलाचा पश्चात्ताप ऐकून घेतल्यानंतर नव्हे. तो दुरून दिसताच धावतो आणि गळ्यात पडतो. मुलाने पाठ केलेली वाक्ये पुरी होण्याआधीच झगा, अंगठी आणि पायतण यांची आज्ञा सुटते. सन्मान आधी येतो. सुधारणा त्या सन्मानाच्या उबेत नंतर होते. चारित्र्याचा हिशेब आधी मागणारा त्या दाखल्यात दुसराच कोणी आहे : अंगणात रुसून उभा राहिलेला थोरला भाऊ.

म्हणून शाफ्ट संत नाही, एवढ्यावरून त्याचा सन्मान हिरावून घेता येत नाही. काळ्या माणसाला पडद्यावरही अपूर्ण, सदोष, रागीट माणूस असण्याचा हक्क आहे, हे या चित्रपटाने ठणकावून सांगितले. टाळ्या त्यासाठी पडत असतील, तर त्या योग्यच आहेत.

परंतु हाच युक्तिवाद आणखी एक पाऊल पुढे न्यावा लागतो, आणि तेथे टाळ्या थांबतात. सन्मान जर सद्गुणाचे वेतन नसेल, तो जर प्रत्येकाला केवळ माणूस म्हणून मिळालेला असेल, तर तो शाफ्टच्या गोळीने पडणाऱ्या गुंडालाही मिळालेला आहे. या कथेत ज्या स्त्रिया नायकाच्या करमणुकीपुरत्या येतात आणि जातात, त्यांनाही तो मिळालेला आहे. पळवून नेलेली ती मुलगी, जिच्यासाठी एवढा रक्तपात होतो, तिला चित्रपटात मनच नाही. ती केवळ सोडवून आणायची वस्तू आहे. ज्या तत्त्वावर शाफ्ट ताठ उभा राहतो, तेच तत्त्व त्याला दुसऱ्यांना तुडवण्याची मुभा देत नाही. अपमान सोसलेल्याला मान मिळणे हा न्याय आहे. पण मान मिळवण्यासाठी त्याने दुसऱ्या कोणाला तरी खाली ढकलावे लागत असेल, तर पूर्वीचीच शिडी कायम राहिली, फक्त पायऱ्यांवरची माणसे बदलली.

एकत्र पाहताना

मग असे चित्रपट पाहावेत की टाळावेत? ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार चित्रपटकला तरुण होती तेव्हापासून केला आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले. त्यात सावधगिरीचा सूर ठळक होता. १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने प्रसारमाध्यमांविषयीच्या हुकूमनाम्यात असे म्हटले की, दुष्टाव्याचे चित्रणही नैतिक मर्यादा सांभाळून केल्यास मनुष्याची ओळख खोल करू शकते आणि सत्य व सद्गुण उजळून दाखवू शकते. आणि 'शाफ्ट' पडद्यावर आला त्याच १९७१ साली याच विषयावर रोमहून विस्तृत पाळकीय मार्गदर्शन प्रसिद्ध झाले; प्रेक्षकाने निष्क्रिय न राहता विचारपूर्वक निवड करावी, त्यासाठी त्याला, विशेषतः तरुणांना, शिक्षण मिळावे, यावर त्याचा भर होता.

आपल्या घरांत आज मुले काय पाहतात यावर पहारा ठेवणे जवळपास अशक्य झाले आहे. लहान मुलांपासून काही गोष्टी दूर ठेवल्याच पाहिजेत, आणि 'शाफ्ट'ही बालकांसाठी नाही. पण कळत्या वयाच्या मुलामुलींना 'हे पाहू नकोस' एवढेच सांगून भागत नाही. त्यांच्याबरोबर बसावे आणि नंतर एकच प्रश्न विचारावा : 'तुला टाळी वाजवावीशी वाटली, ती कोणत्या क्षणी?' तो माणूस न भिता रस्ता ओलांडत होता तेव्हा, की त्याने कोणाला तरी खिडकीबाहेर फेकले तेव्हा? या उत्तरातून मुलाचे मन कळेल. आणि तोच प्रश्न स्वतःला विचारला, तर आपलेही.

सार्वजनिक प्रदर्शनाचा खरा लाभही हाच आहे. घरात एकट्याने पाहताना आपण फक्त पडदा पाहतो. चारचौघांत पाहताना शेजारी कोठे हसला, कोठे गप्प झाला, हेही पाहतो. हार्लेमचे प्रेक्षक का संतापले हे त्या गोऱ्या प्रेक्षकांना कधी कळले नाही, कारण ते त्यांच्या शेजारी बसलेच नव्हते.

आपल्या धर्मग्रामांतही अशा दोन निरनिराळ्या बाकांवर बसणारी माणसे असतात. मदतीचा अर्ज आला की अर्जदार दारू पितो काय, मिस्साला येतो काय, याची चौकशी होते. पैसा योग्य जागी जावा म्हणून ती करावीही लागेल. पण मदत द्यावी की नाही हा एक प्रश्न आहे, आणि त्या माणसाला बसायला खुर्ची द्यावी, अहो-जाहो म्हणावे, त्याचे बोलणे पुरते ऐकून घ्यावे की नाही, हा निराळा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर चौकशीवर अवलंबून असू शकते. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही चौकशीच्या आधीच देऊन झालेले आहे.